निळ्या ड्रेसच्या बाह्या

१

पलंगावर निळा ड्रेस पसरून ठेवला होता. बाह्या दोन्हीकडे नीट उघडलेल्या, गळ्याची पट्टी सरळ, खालचा घेर ओढून सारखा केलेला. जणू त्या ड्रेसमध्ये कुणीतरी उताणं निजलंय, फक्त डोळ्यांना दिसत नाहीये.

चिमी दारातच थिजली. दुपारी निघाली तेव्हा तो ड्रेस कपाटात होता. दाराला कुलूप होतं, ते आत्ता तिनंच स्वतःच्या किल्लीनं उघडलं होतं. खिडक्यांच्या कड्या आतून लावलेल्या. लॅपटॉप जागेवर, कानातले जागेवर, काडीसुद्धा हललेली नव्हती. तिनं पुढे होऊन ड्रेसला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

कापड अजून गरम होतं. नुकतीच इस्त्री फिरवलेली.

ती मागच्या पावलीच बाहेर पडली आणि पळत सुटली ती थेट मावशीच्या दुकानात.

मावशीचं दुकान म्हणजे कपडे दुरुस्तीचं. कुणाची पँट लांब, कुणाचा ब्लाउज घट्ट, कुणाची चेन गेलेली. रविवार असूनही ती यंत्रावर बसली होती. दारात भाची आली, तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"कुणी मारलं का तुला?" मावशीनं पहिल्यांदा तेच विचारलं.

चिमीनं नकारार्थी मान हलवली. मग खाली बसून तिनं सगळं सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. सांगता सांगता जे बाहेर आलं ते मावशीला नवीनच होतं. चार महिन्यांपासून चिमी ओळखी करून देणाऱ्या अ‍ॅपवर होती. आज चार वाजता एका माणसाला पहिल्यांदा भेटायला कॅफेत गेली होती. तो आलाच नाही.

"मला का नाही बोललीस?"

"तू हसली असतीस."

मावशीनं सुईतला दोरा तोडला. वर्षापूर्वी शेजारणीच्या मुलीचं असंच काही कानावर आलं, तेव्हा ती याच खुर्चीत बसून म्हणाली होती, "आता नवरेपण कपड्यांसारखे फोनवर मागवा, माप नाही बसलं की परत करा." चिमी तेव्हा हसली होती. घटस्फोटाला तिच्या तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"मी सगळं नीट केलं गं," चिमी म्हणाली. "आडनाव दिलं नाही. पत्ता नाही, कामाची जागा नाही. दिवसाउजेडी, भर गर्दीच्या ठिकाणी भेट. माझी मी गेले, माझी मी आले. दादाला सांगून गेले होते, मी कुठं आहे ते त्याला त्याच्या फोनवर सारखं दिसत होतं. इतकं सगळं करून तो माणूस माझ्या घरात शिरलाच ना?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॅफेत न आलेल्या माणसाचा संदेश होता: "रागावलीस? घरी गेल्यावर बरं वाटलं का?"

२

दादा म्हणजे चिमीच्या कामावरचा. चिमी डेंटल लॅबमध्ये होती, बनवलेल्या दातांना ब्रशनं रंग देण्याचं काम करायची. दादा तिथंच साचे काढायचा. चाळिशीचा, एकटा, कुणाचं काही अडलं की धावणारा. त्याला फोन लागताच तो अर्ध्या तासात हजर झाला. सोबत पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा.

"रात्री इथंच राहा मावशींकडे," तो म्हणाला. "उद्या सुट्टी टाक, मालकीणबाईंना मी सांगतो. सहाला काम सुटलं की नवीन कुलूप घेऊन येतो आणि स्वतः बसवून देतो. मग बघू कोण शिरतो ते."

"पोलिसांत जावं म्हणते मी," मावशी म्हणाली.

दादानं सुस्कारा सोडला. "मावशी, जा की. पण तिथं पहिला प्रश्न काय येईल? अ‍ॅपवर काय करत होतात? गेलं काय? काहीच नाही. ड्रेसला इस्त्री झाली म्हणून तक्रार लिहून घेतील का?" मग चिमीकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "आणि ते संदेश पुसून टाक सगळे. सारखे वाचशील आणि सारखी घाबरशील. त्या माणसाला ब्लॉक कर, विषय संपव."

तो गेल्यावर चिमीनं खरंच फोन हातात घेतला. मावशीनं तो काढून घेतला.

"आधी मला वाचू दे."

"मी वाचून दाखवते."

"तू वाचतेस म्हणजे पळतेस. मला एकेक शब्द धरून वाचायचंय."

मावशी पंचेचाळिशीत वाचायला शिकली होती. अजूनही अक्षराखाली बोट ठेवायची. तीन महिन्यांचे संदेश वाचायला तिला तास-सव्वा तास लागला. मध्येच ती थांबली, मागे गेली, पुन्हा तेच वाचलं.

"हा फोटो तुझा. अ‍ॅपवर याच ड्रेसमधला एकच फोटो आहे ना?"

"एकच. दोन वर्षांपूर्वीचा."

"या फोटोत बाह्या कुठपर्यंत आहेत?"

"मनगटापर्यंत. कफ होते ना त्याला."

"आणि आता?"

चिमीनं कपाळाला आठ्या घातल्या. "आता कोपरापर्यंत. गेल्या महिन्यात कफवर रंगाचा डाग पडला, तूच कापून दिल्यास."

मावशीनं फोन तिच्यापुढे धरला आणि एका ओळीखाली बोट ठेवलं. शुक्रवारचा संदेश होता: "रविवारी तो निळा घाल, अर्ध्या बाह्यांचा. तुला शोभतो."

"मी कपडे सांगणाऱ्याचं ऐकायचं नाही म्हणून मुद्दाम खाकी शर्ट घालून गेले," चिमी पुटपुटली. मग तिच्या लक्षात आलं. "मावशी, याला अर्ध्या बाह्या कशा माहीत?"

३

सकाळी मावशीनं दुकानाला अर्धं शटर लावलं. चिमीला आत बसवलं, शेजारच्या चप्पल दुरुस्तीवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती भाचीच्या इमारतीत गेली.

रखवालदार जिन्याखाली बसून दाढी करत होता. इमारतीतल्या सगळ्या घरांच्या जादा किल्ल्या याच्याकडे असतात हे मावशीला ठाऊक होतं. मनात पहिली पाल चुकचुकली होती ती याच्याच नावानं.

"काल चार ते सहा कुठं होतात?"

"गच्चीवर, टाकीत बुडालो होतो. म्हणजे पाण्याच्या," तो आरशातूनच म्हणाला. "बॉल अडकला होता टाकीचा. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा सारखे वरून खाली आणि खालून वर मला शिव्या घालत होते, त्यांना विचारा. का हो मावशी?"

"किल्ल्या?"

"तेवीस. पेटीत. पेटीला कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली बायकोच्या गळ्यात. मला स्वतःला लागली तरी अर्ज करावा लागतो." मग त्याचं हसू ओसरलं. "चिमीताईंच्या घरात कुणी शिरलं का?"

तो विचार करत वस्तरा पुसू लागला आणि आपणहूनच बोलला.

"माझ्यावर संशय घ्यायचा तर घ्या. पण मला शिरायचं असतं तर रविवार कशाला हवा होता? ताई रोज नऊ ते सहा नसतातच. सगळी इमारत रिकामी असते. रविवारी उलट सगळी माणसं घरात."

मावशी तिथंच उभी राहिली. गोष्ट साधी होती आणि तिच्या डोक्यात आली नव्हती. जो कुणी होता, त्यानं तीन महिने खपून चिमीला रविवारी कॅफेत नेऊन बसवलं. एवढा खटाटोप का? सोमवार ते शनिवार घर रिकामंच होतं की.

म्हणजे त्या वेळेत त्याला स्वतःलाच सवड नव्हती.

४

अ‍ॅपवरून चिमीला भेटलेला खरा माणूस एकच होता. तलावावर पोहायला शिकवायचा, म्हणून ती त्याला मास्तर म्हणायची. दोनदा भेटले होते. दुसऱ्या भेटीत तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला होता, आणि काल रात्री चिमीला तेच आठवून घाम फुटला होता. "तो कोपरा तर माझ्या गल्लीचाच. मावशी, तोच असला तर? मला तो आवडला होता गं. दादा म्हणाला घाई नको, म्हणून आठवडाभर उत्तर दिलं नाही."

संध्याकाळी पाचला मावशी तलावावर पोचली, तेव्हा मास्तर पाण्याच्या कडेला उकिडवा बसून एका जाड्या गृहस्थांना ओरडत होता, "पाय मारा काका, पाय! पाणी तुमचं काही घेऊन पळत नाहीये!" मावशीनं हाक मारली, तसा शिट्टी गळ्यात टाकून उठला.

"मी चिमीची मावशी."

त्याचा चेहरा आधी उजळला, मग लगेच उतरला. "बरी आहे ना ती? आठवडा झाला, काही उत्तर नाही. मी परत विचारलं नाही. तिला नको असेल तर नको."

"तुमची कामाची वेळ काय?"

"सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी पाच ते नऊ. मधे मोकळा. रविवारी मात्र दिवसभर इथं, मुलांच्या तुकड्या असतात. काल साठ मुलं होती, अजून कान वाजताहेत."

"तिचा निळा ड्रेस ठाऊक आहे?"

"फोटोतला? लांब बाह्यांचा? कफला दोन-दोन बटणं होती," तो म्हणाला आणि ओशाळला. "फोटो जरा जास्तच पाहिला असेल मी. घालून आलेली कधी पाहिली नाही. का हो?"

मावशीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. ती कुठं आहे हे त्यानं विचारलं नाही. येऊ का, असंही विचारलं नाही.

"पोलिसांकडे जा," तो म्हणाला. "आणि संदेश पुसू नका. एकसुद्धा. सगळ्यांचे फोटो काढून ठेवा, मग ब्लॉक करा. आमच्या एका शिकाऊ बाईंनी रागानं सगळं पुसलं, नंतर दाखवायला हाती काहीच उरलं नाही."

परतीच्या वाटेवर मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. एक माणूस म्हणाला होता पुसून टाक. एक म्हणत होता पुसू नका. दोघांपैकी एकाला चिमी अनोळखी समजत होती.

५

दुकानात शिरताच तिनं हात पुढे केला. "त्या न आलेल्याचा फोटो दाखव."

फोटोत एक देखणा माणूस डोंगरमाथ्यावर उभा होता. चेकचा शर्ट, दोन्ही हात कमरेवर. चिमीनं त्याचं नाव डोंगरवाला ठेवलं होतं.

"व्हिडिओवर बोलू म्हटलं की म्हणायचा, इथं रेंज नाही," चिमी म्हणाली. "मी फोटो इंटरनेटवर शोधूनही पाहिला. खोटा असेल तर दुसरीकडे सापडतो ना. नाही सापडला."

मावशीनं चष्मा चढवला. शर्टांत तिचा जन्म गेला होता. "याचा खिसा उजव्या छातीवर आहे."

"मग?"

"पुरुषाच्या शर्टाला खिसा डावीकडे असतो. आणि बटणपट्टी बघ. बायकांसारखी, उजवी बाजू डावीवर. असा शर्ट मी उभ्या जन्मात शिवला नाही."

"सेल्फी उलटा येतो कधीकधी."

"दोन्ही हात कमरेवर ठेवून सेल्फी पायानं काढला का त्यानं?"

चिमीनं फोटो घेतला, आरशात पाहिल्यासारखा उलटा केला आणि पुन्हा शोधला. पहिल्याच झटक्यात सापडला. परदेशातल्या तंबू विकणाऱ्या दुकानाची जाहिरात होती ती.

"म्हणजे डोंगरवाला नाहीच," ती खचून म्हणाली. "मग कोण आहे?"

"तुझी किल्ली दे."

किल्ली पर्समध्येच होती. मावशीनं ती उजेडात धरली, यंत्रातली सुई काढून किल्लीच्या दातांच्या खाचेतून फिरवली. सुईच्या टोकावर जांभळा, रबरासारखा कण आला.

"हे काय?"

"हे तर आमच्याकडचं. साच्याचं रबर. लागलं असेल काम करताना."

"तुझ्या टेबलावर असतं?"

"नाही. मी रंगावर. माझ्याकडे चिनीमातीची भुकटी आणि ब्रश. रबर मागच्या खोलीत, साचे काढतात तिथं." चिमीचा आवाज बारीक होत गेला. "पर्स दिवसभर खुंटीला असते. मागच्या खोलीच्या दाराशी."

"कापलेल्या बाह्यांचा ड्रेस घालून कुठं गेली होतीस?"

"एकदाच. लॅबला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा दुपारी जेवण होतं. जाता-येता वर कोट होता. कोट काढला तो लॅबमध्येच."

मावशी तिच्या समोर स्टुलावर बसली. पुढचं तिला सांगावंसं वाटत नव्हतं, पण घड्याळात सहा वाजत आले होते.

"इस्त्री केलेलं सुती कापड पाच-सात मिनिटांत गार होतं. मी रोज करते. तू शिरलीस तेव्हा ड्रेस गरम होता. म्हणजे तू गल्लीच्या तोंडाशी होतीस तेव्हा तो तुझ्या पलंगाशी उभा होता, आणि तुझी गाठ पडायच्या आत मागच्या जिन्यानं उतरला. कॅफेतून निघताना डोंगरवाल्याला कळवलं होतंस?"

"नाही. वैतागून उठले. शब्द नाही लिहिला."

"मग तू निघालीस, कुठवर आलीस, हे कुणाला दिसत होतं?"

चिमी यंत्राच्या पट्ट्यावर हात ठेवून बसून राहिली.

"त्यानंच मला शिकवलं," ती अखेर म्हणाली. "पहिल्या भेटीला कसं जायचं, काय सांगायचं नाही. फोनवर लोकेशन दाखवायचं कसं, ते त्यानंच माझ्या फोनवर करून दिलं. मावशी, त्यानं मला अनोळखी माणसांपासून सांभाळलं गं."

"आणि घाबरवलंही त्यानंच. म्हणजे सांभाळायला तोच उरेल."

चिमीनं लोकेशन बंद केलं. मग एकेक करून सगळ्या संदेशांचे फोटो काढले आणि मावशीच्या फोनवर पाठवले. शेवटचा गेला तेव्हा शटरवर टकटक झाली.

"चिमे? मीच आहे. कुलूप आणलंय."

६

मावशीनं शटर पूर्ण वर उचललं. रस्त्यावर उजेड होता, वर्दळ होती. चप्पल दुरुस्तीवाला हातातलं काम ठेवून उंबऱ्याशी येऊन बसला, त्याला तसं आधीच सांगून ठेवलं होतं.

दादानं पिशवीतून खोका काढला. "चांगल्यातलं आणलंय. चला, उजेड आहे तोवर बसवून टाकू. तुझं लोकेशन का दिसेना गं? जीव टांगणीला लागला माझा."

"बॅटरी संपली," मावशी म्हणाली आणि खोका हातात घेतला. उघडला. आत कुलूप, चार स्क्रू आणि एका कडीत दोन किल्ल्या. तिनं खोका डोळ्यांजवळ नेला आणि बाजूवरच्या बारीक छापील अक्षरांवर बोट ठेवत सावकाश वाचलं.

"यावर तीन किल्ल्या लिहिलंय रे."

"हो का? दुकानदारानं दोनच दिल्या."

"चिकटपट्टी कापलेली आहे."

"तपासून नको का घ्यायला? आजकाल कुणाचा भरवसा आहे?"

तो हसला. मावशी नाही हसली. तिनं पुढचं तोंडात आणलं होतं, पण चिमी उठून उभी राहिली. काल संध्याकाळपासून बारीक झालेला तिचा आवाज आता स्वच्छ निघाला.

"दादा, तिसरी किल्ली कुठं आहे?"

त्याचा उजवा हात आपसूक पँटच्या खिशाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिघांनीही ते पाहिलं. तोही समजला की त्यांनी पाहिलंय.

"तुझ्या भल्यासाठीच केलं," तो म्हणाला. आवाज तोच, मऊ, काळजीचा. "तुला कळतच नव्हतं बाहेर कसली माणसं असतात. तो तलाववाला... दोन भेटींत तुला सोडायला येतो. उद्या काही झालं असतं तर? मी कधी तुला बोट लावलं का? सांग, लावलं?"

"माझ्या पलंगापाशी उभा राहिलास."

"फक्त एकदा घाबरावंस म्हणून..."

"मी घाबरले," चिमी म्हणाली. "आता जा."

तो एक पाऊल पुढे आला. मावशीनं कापायची मोठी कात्री उचलली नाही, फक्त टेबलावर आपल्या बाजूला सरकवून घेतली. चप्पलवाला घसा खाकरत उभा राहिला. दादानं रस्त्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, आणि कुलूप तिथंच टाकून निघून गेला. घाईत नव्हता. चार दुकानं पुढे जाईपर्यंत दोनदा वळून पाहिलं त्यानं.

पोलीस चौकी दहा मिनिटांवर होती. टेबलामागं एक तरुण बाई बसली होती. तिनं अ‍ॅपवर काय करत होतात असं विचारलं नाही. जांभळा कण कागदाच्या पुडीत बांधून घेतला, संदेशांचे फोटो एकेक पाहिले, लॅबचा पत्ता टिपला, आणि दोन शिपायांना लगेच दादाच्या घरी धाडलं. मग अर्ज पुढे ओढला.

"ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो तुमचा कोण? नातेवाईक, मित्र, अनोळखी? काय लिहू?"

चिमी त्या तीन शब्दांकडे बघत राहिली. मावशीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बाईनं पेन धरून वाट पाहिली, घाई केली नाही.

"यातलं नाही," चिमी म्हणाली. "लिहा, घरी सुखरूप पोचले की मी ज्याला कळवायचे, तो."